काटकसरीने स्वित्झर्लंड : एका कुटुंबाचा जमाखर्च

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घराघरांत एकच विषय निघतो. यंदा कुठे जायचे? आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांचे उत्तर ठरलेले असते. गावी, नाहीतर मुलांच्या मामाकडे. चार पैसे गाठीला असले तर बोधगया, सारनाथ, कुशीनगर. त्यात कमीपणा काहीच नाही. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. परंतु २०२५ च्या मे महिन्यात आम्ही, आमची पत्नी, तेरा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आई असे चौघेजण स्वित्झर्लंडला जाऊन आलो. जगातील अतिशय महागड्या देशांत ज्याची गणना होते तो हा देश आणि आम्ही कारकून माणूस.

निमित्त पुतणीचे. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर ती झुरिकला उच्च शिक्षण घेत होती. तिचा फोन आला, "काका, माझं शिक्षण संपायच्या आत आजीला घेऊन या. तिनं एकदा बघितलं पाहिजे." आई म्हणाली, "पोरगी बोलावती तर जाऊ या की." झाले. तिथून हिशेब सुरू झाला.

ही बातमी विहारात पोचायला वेळ लागला नाही. रविवारच्या वंदनेनंतर एका ज्येष्ठ उपासकांनी सर्वांसमक्ष विचारले, "साहेब, पाच-सहा लाख रुपये बर्फ बघायला घालवणार? तेवढ्यात दोन पोरांचं शिक्षण झालं असतं." प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शेवटी देतो. आधी जमाखर्च मांडतो, कारण अनेक बांधवांनी परत आल्यावर तोच विचारला.

आधी पैसा, मग प्रवास

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. आम्ही वाणिज्य शाखेची पदवी घेतली, पण घराचे अंदाजपत्रक इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे पुस्तक आम्हांस भेटले नाही.

त्यावरून पत्नीने तीन अटी घातल्या. पहिली, कर्ज काढायचे नाही. फिरण्यासाठी कर्ज म्हणजे दहा दिवसांची मजा आणि तीन वर्षांचे हप्ते. दुसरी, बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला धम्मकार्यासाठी मागितलेला मिळकतीचा विसावा हिस्सा आपण देतो, त्याला हात लावायचा नाही. तिसरी, मुलाच्या शिक्षणाची ठेव मोडायची नाही. पैसा आला तो पतपेढीतील आवर्ती ठेवीतून. सात वर्षे दरमहा साडेपाच हजार रुपये. सात वर्षांत आमच्या घरी नवा सोफा आला नाही, की एकाही लग्नात ऐपतीबाहेरचा आहेर झाला नाही. मुदत संपली तेव्हा व्याजासह पावणेसहा लाखांच्या थोडी वर रक्कम हाती आली. एका टूर कंपनीने चौघांचा आकडा आठ लाखांच्या पुढे सांगितला होता. म्हणजे सव्वादोन लाख आम्हांस आमच्या अकलेने वाचवायचे होते.

व्हिसाची वाट

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेन करारात आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून त्याचे शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला ४५ युरो झाले. सहा वर्षांखालील मूल विनाशुल्क. आमचा मुलगा तेरा वर्षांचा, म्हणून त्याचेही पूर्ण भरावे लागले. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा आहे. वयस्कर माणसाचा विमा महाग पडतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी दर विचारावेत.

स्वित्झर्लंडला जाणाऱ्या माणसाकडे दिवसाला माणशी सुमारे शंभर फ्रँक खर्चण्याची ऐपत आहे का, हे पाहिले जाते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून उसने घेऊन खात्यात टाकलेली मोठी रक्कम लगेच डोळ्यांवर येते. आमचे सात वर्षांचे ठेवपुस्तक, पगारपत्रके, कार्यालयाचे रजा मंजुरीचे पत्र आणि पुतणीचे निमंत्रणपत्र एवढे पुरले. राहण्याच्या जागा मात्र रद्द करता येतील अशाच ठरवाव्यात आणि परत न मिळणारे विमान तिकीट व्हिसा हाती येईपर्यंत काढू नये.

त्या रांगेत उभे असताना आम्हांस बाबासाहेबांच्या आत्मकथनपर लेखनाची आठवण झाली. त्याचे नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यात १९०१ सालची हकिकत आहे. लहानगा भीमराव भावंडांसह साताऱ्याहून मसूर स्टेशनवर उतरतो. वडील बाहेरगावी नोकरीस. मुले महार आहेत कळताच एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, तेव्हा एकजण गाडी देतो. तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि मालक बाजूने चालणार. वाटेत मुलांना प्यायला पाणी मिळत नाही. प्रवासात काटकसर कशी करावी हे सांगायला आम्ही बसलो आहोत, तेव्हा आपल्या बापजाद्यांना केवळ जातीपायी दुप्पट भाडे मोजावे लागले हेही जमाखर्चाच्या वहीत लिहिले पाहिजे.

मे महिना आणि रेल्वेचा पास

तिकडे गर्दी असते जुलै-ऑगस्टमध्ये आणि पुन्हा बर्फावरच्या खेळांच्या हंगामात. मे महिना मधला असल्याने खोल्या थोड्या स्वस्त मिळतात. मात्र याच काळात काही पाळणे आणि दोरगाड्या दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावे. विमान एका ठिकाणी बदलून जाणारे घेतले आणि तिकिटामागे चांगली बचत झाली.

तिथे सर्वांत मोठा चिमटा बसतो तो प्रवासखर्चाचा. परदेशी पाहुण्यांसाठी 'स्विस ट्रॅव्हल पास' आहे. आगगाडी, बस, बोट, शहरातली ट्राम हे सर्व त्यात येते, शिवाय पाचशेहून अधिक संग्रहालये. दुसऱ्या वर्गाचा चार दिवसांचा पास २९५ फ्रँक आणि सहा दिवसांचा ३७९ फ्रँक होता. फ्रँक त्या वेळी सुमारे १०३ रुपयांना पडत होता. ८४ फ्रँक जादा देऊन दोन दिवस अधिक, म्हणजे दिवसाला ४२ फ्रँक. एका लांबच्या साध्या तिकिटालाही त्याहून जास्त पडतात. म्हणून सहा दिवसांचा घेतला. सर्वांत मोठी बचत मुलाची. आईवडिलांपैकी एकाकडे पास असला की सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना 'स्विस फॅमिली कार्ड' फुकट मिळते. ते पासाबरोबरच मागून घ्यावे. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.

एकाच जागी राहून थोडे फिरायचे असेल तर पासाऐवजी महिनाभर अर्ध्या भाड्यात प्रवास देणारे 'हाफ फेअर कार्ड' परवडते. आगाऊ घेतलेले एक दिवसाचे सवलतीचे पासही असतात. ते जितके आधी घ्याल तितके स्वस्त. आपला मार्ग कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी बेरीज करावी. विनातिकीट सापडलात तर पहिल्याच वेळी शंभर फ्रँकच्या आसपास भुर्दंड बसतो, हेही लक्षात असू द्यावे.

झुरिकच्या मुक्कामाचे पहिले दोन दिवस पास सुरूच केला नाही. शहर पायी पाहिले. बासेल, बर्न, जिनिव्हा, लोझान अशा अनेक शहरांत मुक्कामाच्या जागी नोंद झाली की शहरातील वाहनांचा पास पाहुण्याला फुकट मिळतो. डोंगरातल्या गावांतही 'गेस्ट कार्ड' मिळते. कुणी आपण होऊन देईल याची वाट पाहू नये, काउंटरवर विचारावे.

कामगारांनी बांधलेली घरे

हॉटेलचा विचार आम्ही पहिल्याच दिवशी सोडून दिला. झुरिकच्या तीन रात्री युवा वसतिगृहात काढल्या. नाव युवा असले तरी तिथे वयाची अट नसते आणि कुटुंबासाठी चार खाटांच्या खोल्या मिळतात. चादरी आणि सकाळची न्याहारी भाड्यातच असते. पोटभर न्याहारी केली की दुपारपर्यंत चिंता नाही. उरलेल्या पाच रात्री बर्नर ओबरलांड या डोंगरी भागात 'नातुरफ्रोइंडे' संस्थेच्या एका घरात राहिलो. या घराची हकिकत आपल्या वाचकांना मुद्दाम सांगितली पाहिजे.

नातुरफ्रोइंडे म्हणजे निसर्गमित्र. ही संस्था १८९५ साली व्हिएन्नात निघाली. काढणाऱ्यांत एक शाळामास्तर, एक लोहार आणि एक विद्यार्थी होता. त्या काळी आल्प्स पर्वत म्हणजे श्रीमंतांचे मैदान. डोंगरातल्या झोपड्या त्यांच्या मंडळांच्या आणि वाटांवर जमीनदारांचा पहारा. कारखान्यात राबणाऱ्यालाही स्वच्छ हवा आणि डोंगर हवा, या एका मागणीवर कामगारांनी वर्गणी काढली, सुट्टीच्या दिवशी स्वतः दगड वाहिले आणि घरे बांधली. १९०५ मध्ये हे लोण स्वित्झर्लंडमध्ये आले. आजही त्या घरांत सामायिक स्वयंपाकघर असते, भांडीकुंडी असतात आणि जाताना आपली खोली आपण झाडायची असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच ऑस्ट्रियात आल्प्सच्या मोठ्या गिर्यारोहण मंडळांनी १९२० नंतर ज्यू लोकांना बाहेर काढायला सुरुवात केली. ज्यू सभासदांची 'डोनाउलांड' नावाची शाखा होती. १९२४ मध्ये तिलाच मंडळातून काढून टाकले. डोंगरातल्या कित्येक झोपड्यांवर ज्यूंनी येथे येऊ नये अशा पाट्या लागल्या. वादळात सापडलेल्या माणसाला आसरा देण्यासाठी बांधलेली ती झोपडी, आणि तिच्या दारात माणसाची जात विचारली जात होती. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर आपल्या लोकांची डोकी फुटली, त्याच काळातली ही गोष्ट. डोंगर असो की तळे, ते सर्वांचे असते असे नुसते म्हणून भागत नाही, त्यासाठी संघटना उभारावी लागते.

चूल, फोडणी आणि मिग्रो

जेवणाच्या खर्चात आम्ही पहिल्याच दिवशी मार खाल्ला. पोचलो तो रविवार. तिकडे रविवारी दुकाने बंद. भूक लागलेली, मूल किरकिरत होते. स्टेशनजवळ चौघांसाठी सँडविच, कॉफी आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या. बिल ५४ फ्रँक, म्हणजे साडेपाच हजार रुपये! पत्नीने वहीत आकडा लिहिला आणि वही मिटली, काही बोलली नाही. संध्याकाळी पुतणीने सांगितले की झुरिकच्या मुख्य स्टेशनातील मोठी किराणा दुकाने रविवारीही उघडी असतात. आधी विचारले असते तर चार हजार वाचले असते.

त्यानंतर सात दिवस आम्ही दिवसाला ४० फ्रँकमध्ये चौघांचे जेवण भागवले. घरून ज्वारीचे पीठ, तांदूळ, डाळ, मसाला, शेंगदाण्याची चटणी नेली होती. दूध-दुभते आणि मांस यांचे पदार्थ भारतातून नेण्यास तिकडे मनाई आहे. म्हणून आईने बांधलेली तुपाची बरणी आणि पेढे घरीच ठेवावे लागले. ताज्या मिरच्या आणि कढीपत्ताही नेऊ नये.

बाकीचे मिग्रो आणि कूप या दुकानांतून घेतले. दोघांचेही स्वस्त छापाचे पदार्थ असतात, 'एम-बजेट' आणि 'प्री गारांती' या नावाचे. दुकान बंद होण्याच्या सुमारास पाव, भाजी, फळे यांवर पाव किंवा निम्म्या किमतीची चिठ्ठी चिकटवतात. त्या वेळेला जावे.

मिग्रोची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९२५ साली गोटलीब डुटवायलर या गृहस्थाने झुरिकमध्ये पाच मोटारगाड्या घेऊन धंदा सुरू केला. कॉफी, तांदूळ, साखर, शेवया, खोबरेल आणि साबण हा सगळा माल तो मधला दलाल वगळून थेट गल्लीत विकत असे. पुढे १९४१ मध्ये त्याने चालता धंदा सहकारी संस्थेत बदलून ग्राहकांच्या हवाली केला. या दुकानात दारू मिळत नाही. २०२२ मध्ये सभासदांचे मतदान घेतले की आता विकावी काय? सर्व विभागांनी नको असा कौल दिला. नफा समोर असताना सभासद नाही म्हणतात हे पाहून आम्हांस आपल्या वस्तीतील दारूबंदीसाठी झगडणाऱ्या भगिनींची आठवण झाली.

पाणी विकत घेण्याची काहीच गरज नाही. नळाचे पाणी उत्तम असते आणि एकट्या झुरिक शहरात बाराशेहून अधिक सार्वजनिक कारंजी आहेत. घरून रिकाम्या बाटल्या न्याव्यात. पिण्याचे पाणी नसेल तिथे तशी पाटी असते.

एक सावधगिरी. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आईने लसणाची खमंग फोडणी दिली आणि छतावरची आगीची घंटा वाजू लागली. माणसे धावत आली. व्यवस्थापक बाई समजूतदार निघाल्या, नाहीतर अग्निशमन दलाच्या फेरीचा दंड आमच्या डोक्यावर आला असता. तेव्हा फोडणी द्यायची तर खिडकी उघडून, मंद आचेवर.

कोणत्या डोंगरावर जायचे?

जाहिरातीत सर्वांत पुढे असते युंगफ्राउयोख. उंची ३,४५४ मीटर. १९१२ साली सुरू झालेली डोंगराच्या पोटातली रेल्वे तिथवर जाते. सोळा वर्षे तो बोगदा खणला गेला, राबले ते बहुतांशी इटालियन मजूर आणि कित्येकांचे प्राण त्यात गेले. तिकीट मात्र परतीसह दोनशे फ्रँकच्या वर आणि पासावर फक्त शेवटच्या टप्प्यात चौथाई सूट. आम्ही बेरीज केली. तीन मोठ्या माणसांचे पन्नास हजारांच्या पुढे जात होते. शिवाय एवढ्या उंचीवर आईच्या श्वासाची काळजी.

त्याऐवजी रिगीला गेलो. ल्युसर्नहून तळ्यातल्या बोटीने व्हित्स्नाउ, तिथून दातेरी रुळांची गाडी. युरोपातील ही पहिली दातेरी डोंगरी रेल्वे १८७१ साली सुरू झाली. माथा सुमारे १,८०० मीटरवर. बोट, गाडी, सारे पासात, वेगळा एक पैसा नाही. वर थोडे बर्फ उरले होते. आईने ते हातात घेतले, मुठीत दाबले आणि म्हणाली, "गार हाय, पण चव न्हाई." दुसऱ्या दिवशी लाउटरब्रुनेनचा तीनशे मीटरच्या आसपास उंचीचा धबधबा पाहिला, तो फुकट. तिथून वर म्युरेन हे मोटारी नसलेले गाव. तिथवरचा प्रवासही पासात येतो.

मात्र सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे पायवाटा. देशभर सुमारे ६५,००० किलोमीटरच्या खुणा केलेल्या पायवाटा आहेत. पिवळ्या पाटीवर पुढच्या गावाला किती वेळ लागेल ते लिहिलेले असते. आमच्या चालीला त्यात निम्मा वेळ आणखी धरावा! या वाटा टिकल्या त्या कायद्याने. १९७९ मध्ये लोकांनी मतदान करून पायवाटांचे रक्षण राज्यघटनेत घातले. आणि जंगलात, कुरणात जाण्याचा हक्क सर्वांना आहे असे तिथला नागरी कायदा सांगतो. घटना काय करू शकते हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या देशाला नुसते डोक्यावर घेण्याचेही कारण नाही. तिथे स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळाला १९७१ मध्ये. आपल्या भगिनींना तो घटनेबरोबरच मिळाला. आज हिरव्यागार दिसणाऱ्या याच कुरणांवर विसाव्या शतकात बराच काळ गरिबांची मुले आईबापांपासून तोडून शेतकऱ्यांकडे राबायला दिली जात. २०१३ मध्ये सरकारने त्यांची जाहीर माफी मागितली आणि पुढे प्रत्येक पीडिताला २५,००० फ्रँक देण्याचा कायदा केला. आमच्या आईने वयाच्या नवव्या वर्षापासून दुसऱ्यांची गुरे राखली. ही हकिकत तिला सांगितली, तेव्हा ती बराच वेळ त्या गायींकडे पाहत बसली.

रिकॉनचा विहार, जिनिव्हाचे दार

पासाचे दोन दिवस आम्ही बर्फासाठी खर्चिले नाहीत. एक दिवस जिनिव्हाला गेलो. संयुक्त राष्ट्रांची इमारत बाहेरूनच पाहिली, आत जाण्याला तिकीट पडते. परंतु फाटकासमोर उभे राहून मुलाला सांगितले की याच शहरात वंशभेद निर्मूलन समितीने १९९६ मध्ये भारताच्या अहवालाची तपासणी करताना जातीचा प्रश्न आपल्या कक्षेत येतो असे म्हटले आणि २००२ मध्ये जन्मावर आधारलेल्या भेदभावाबद्दल सर्वसाधारण शिफारस केली. आपल्या चळवळीची माणसे खिशाला खार लावून इथपर्यंत आली होती. ती फिरायला आली नव्हती.

शेवटच्या दिवशी झुरिककडे परतलो आणि विंटरथुरमार्गे रिकॉन या छोट्या गावी गेलो. १९६० नंतर तिबेटी निर्वासित स्वित्झर्लंडमध्ये आले, तेव्हा येथील भांड्यांच्या कारखान्याचे मालक कून बंधू यांनी त्यांना काम आणि राहायला घरे दिली. पोट भरले, पण मन रमेना. म्हणून १९६७-६८ मध्ये गावावरच्या रानाच्या कडेला 'तिबेट इन्स्टिट्यूट' हा विहार उभा राहिला. प्रेशर कुकर बनवणाऱ्या कामगारांचा विहार! चढ चढून आई दमली, परंतु बुद्धमूर्ती दिसताच तिने पंचांग प्रणाम केला आणि त्रिसरण पंचशील म्हटले. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती, पण अडले काही नाही.

ताळेबंद

नऊ दिवस, आठ रात्री, चार माणसे यांचा खर्च असा :

विमान भाडे २,१६,००० रुपये.
व्हिसा व विमा ५२,००० रुपये.
मुक्काम १,२५० फ्रँक, म्हणजे १,२८,७५० रुपये.
तीन पास १,१३७ फ्रँक, म्हणजे १,१७,१०० रुपये.
जेवण ३३४ फ्रँक, म्हणजे ३४,४०० रुपये.
किरकोळ २०० फ्रँक, म्हणजे २०,६०० रुपये.
एकूण ५,६८,८५० रुपये.

किरकोळीत स्टेशनवरील स्वच्छतागृहांचे पैसेही आले. एका वेळेला एक-दोन फ्रँक घेतात. गाडीतले मात्र फुकट असते, तेव्हा उतरण्याआधी आटोपून घ्यावे. कार्डाने पैसे देताना यंत्र रुपये की फ्रँक असे विचारते, तिथे फ्रँकच म्हणावे. रुपये म्हटले की दर चढा लावतात. हॉटेलात बक्षिशी वेगळी द्यावी लागत नाही, ती बिलातच धरलेली असते. आणि पॅकेज घेऊन गेलात, त्यावर टीसीएस कापला गेला, तर प्राप्तिकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घ्यायला विसरू नये.

उत्तर

आता विहारातल्या त्या प्रश्नाकडे येतो. एवढ्या पैशात दोन मुलांचे शिक्षण झाले असते, हे खरे आहे. म्हणूनच आम्ही विसावा हिस्सा आणि शिक्षणाची ठेव आधी बाजूला काढली. ज्या घरात कर्ज आहे, मुलांची फी थकली आहे, आजारपण आहे, त्या घराने या लेखातील एक फ्रँकही खर्चू नये, असेच आमचे सांगणे आहे. ठेव सुरू करावी आणि जिथे परवडेल तिथे जावे. स्वतः रांधणे, पाणी भरून नेणे, हंगाम टाळणे, मुलांच्या सवलती विचारून घेणे हे नियम अजिंठ्यालाही लागू पडतात आणि लेण्याद्रीलाही.

पण प्रवास म्हणजे चैन, तो आपला नव्हे, हे मात्र आम्हांस मान्य नाही. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादला धूळ भरलेली तोंडे किल्ल्याच्या तळ्यावर धुतली, म्हणून पाणी बाटवले असा गिल्ला झाला. किल्ल्यात सोडले, पण पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. ते सहलीलाच निघाले होते. आपल्या माणसांनी देश पाहावा, लेणी पाहावीत यात त्यांना गैर वाटले नव्हते.

झुरिकमधल्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट सांगून थांबतो. जुन्या शहरातल्या एका चौकात दगडी कारंजे होते. लोक येत होते, बाटल्या भरत होते, जात होते. आई बाजूला उभी राहिली. पुतणी म्हणाली, "आजी, पी ना." आईने हळूच विचारले, "कुणाचं हाय हे पाणी? कुणाला इचारायचं?" अडुसष्ट वर्षे वयाच्या बाईच्या मनातून तो प्रश्न अजून गेला नव्हता. पुतणी म्हणाली, "कुणालाच नाही." मग आईने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि प्याली. मुलगा हे पाहत होता. त्याला काही समजावून सांगावे लागले नाही.

त्या ज्येष्ठ उपासकांना आम्ही हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पतपेढीत आवर्ती ठेवीला किमान किती लागतात हो?"

जयभीम!